नाशिक गांवठाणांतील वाडे, त्यांतील बिऱ्हाडें व त्यांचे कागद

१. नाशिक शहराच्या निरनिराळ्या भागांस वेळोवेळीं जीं नांवें मिळालीं, त्यांत ‘नवें नाशिक’ या नांवाचा प्रवास मोठा बोधप्रद आहे. इ. स. १८८३ सालीं निघालेल्या मुंबई गॅझेटियरच्या नाशिक खंडांत शहराचे तीन भाग सांगितले आहेत: गोदावरीच्या डाव्या तीरावरील पंचवटी, उजव्या तीरावरील जुनें म्हणजे मुसलमानी अमलांतील नाशिक, आणि त्याच तीरावरील नवें म्हणजे मराठ्यांच्या अमदानींत वाढलेलें नाशिक. सरकारवाडा, सराफ बाजार, तिळभांडेश्वर हा जो भाग आज आपण ‘जुनें नाशिक’ म्हणून परस्थांस दाखवितों, तो मराठ्यांनीं वाढविलेल्या त्या ‘नव्या’ नाशकाचाच होय. आणि ‘नवीन नाशिक’ हें नांव आतां महानगरपालिकेच्या दप्तरीं सिडकोनें वसविलेल्या वसाहतीच्या विभागास लागलें आहे. सव्वाशें-दीडशें वर्षांत नव्याचें जुनें झालें, यांत नवल नाहीं. परंतु नांव जसें एका जागेवरून दुसऱ्या जागीं सरकलें, तशीं माणसेंही सरकलीं. मात्र सर्व सरकलीं नाहींत. ज्यांस जातां आलें ते गेले. ज्यांस जातां आलें नाहीं ते राहिले. आणि राहिलेल्यांच्या डोक्यावरचें छप्पर आतां एकेक करून जात आहे.

दरवर्षीं मृग जवळ आला कीं गांवठाणांतील धोकादायक वाड्यांच्या याद्या होतात, नोटिसा लागतात, आणि आषाढ-श्रावणांत कोठें तरी भिंत खचल्याचें वर्तमान येतें. ‘पावसानें वाडा पडला’ असें आपण म्हणतों व पुढें चालूं लागतों. प्रस्तुत लेखाचें म्हणणें असें आहे कीं, पाऊस हें केवळ निमित्त होय. वाडा पडतो तो त्याच्या भोंवतीं पिढ्यानुपिढ्या वाढलेल्या हक्कांच्या गुंत्यानें. आणि तो पडल्यावर त्या जागेवर कोणीं राहावें व कोणीं जावें, याचा निवाडा ज्याच्याजवळ कागद शाबूत असेल त्याच्या बाजूनें होतो. कागदाचें मोल जाणणाऱ्या वाचकवर्गापुढें हा विषय मांडण्याचें कारण हेंच.

२. प्रथम जागेचें वय पाहूं. नदीकांठची जुनी गढी, जिला लोक मातीची गढी किंवा काझीची गढी असेंही म्हणतात, तेथें इ. स. १९५०-५१ सालीं डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकळिया व डॉ. शां. भा. देव यांनीं उत्खनन केलें व त्याचा वृत्तांत १९५५ सालीं प्रसिद्ध झाला. प्राचीन ऐतिहासिक काळापासून मुसलमानी व मराठी अमलापर्यंतच्या वस्तीचे थर त्या टेंकडींत एकावर एक सांपडले. म्हणजे ही गढी नुसती मातीची उंच जागा नसून माणसांच्या वस्तीनें वाढत गेलेली टेंकडी आहे. आज तिच्या माथ्यावर व कडेवर हातावर पोट असणाऱ्यांचीं घरें आहेत, आणि प्रत्येक मोठ्या पावसांत तिची कड थोडी थोडी ढांसळते. ज्या मातीच्या थरांवरून नाशिकचें वय आपण अभिमानानें सांगतों, तीच माती त्या घरांच्या पायांखालून निसटत असते. शहराचा सर्वांत जुना थर आणि शहरांतील सर्वांत दुबळी वस्ती एकाच जागीं यावी, ही गोष्ट योगायोगाची वाटली तरी तशी नाहीं. जेथें बांधणें धोक्याचें असतें, तेथेंच दुबळ्यास राहूं दिलें जातें.

३. मोंगल अमलांत या शहराचें नांव गुलशनाबाद होतें. अठराव्या शतकाच्या मध्यास तें मराठ्यांकडे आलें व जुनें नांव पुन्हां रूढ झालें. त्यानंतरच्या पन्नास-साठ वर्षांत नाशकानें जें रूप धारण केलें, तेंच आज आपण ऐतिहासिक नाशिक म्हणून ओळखतों. नारोशंकर राजेबहादूर यांचें रामेश्वराचें देऊळ १७४७ मधील, गंगाधर यशवंत चंद्रचूड यांचें सुंदरनारायणाचें १७५६ मधील, आणि रंगराव ओढेकर यांचें काळारामाचें त्याच शतकाच्या अखेरीकडील. राघोबादादांचें वास्तव्य आनंदवल्लीस व गोपिकाबाईंचें गंगापुरास होतें. पेशव्यांच्या घरची माणसें जवळ राहूं लागलीं, तेव्हां सरदार, सावकार, कारकून व क्षेत्रोपाध्ये यांचे वाडे उजव्या तीरावर उभे राहिले. त्यांच्या आश्रयानें सराफ, कापडवाले व तांबट वाढले. नाशिकच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांची ख्याति सर्वत्र होती, व तांबट आळींतील ठोक्यांचा आवाज ही त्या भागाची खूण होती.

या वाड्यांची रचना लक्षांत घेतल्यावांचून पुढील गोष्ट नीट कळणार नाहीं. घडीव दगडाचें जोतें, त्यावर तळखडे, तळखड्यांवर सागवानी खांब, खांबांवर तुळया व कडीपाट, आणि मधल्या भिंती विटामातीच्या. भार लांकडाच्या सांगाड्यावर. भिंतीचें काम आडोशाचें. अशा घराचें आयुष्य दोन गोष्टींवर अवलंबून असतें. एक म्हणजे दरवर्षींची शाकारणी. ती चुकली कीं पाणी तुळईच्या टोंकाशीं मुरतें, टोंक कुजतें व सांगाडा कलतो. दुसरी म्हणजे शेजार. कारण वाड्यास वाडा चिकटून असतो व दोघांच्या भिंती परस्परांस धरून उभ्या असतात. एक वाडा गेला म्हणजे शेजारच्याची जी भिंत कधीं पावसाकरितां बांधलेलीच नव्हती, ती उघडी पडते. म्हणून वाडा हें एकट्याचें घर नव्हे. सालोसाल कोणी तरी खर्च करीत राहिलें पाहिजे, आणि शेजाऱ्यानेंही केला पाहिजे, अशा बोलीवर उभी असलेली ती एक व्यवस्था आहे. बांधणाऱ्याच्या काळीं हा खर्च वतन, इनाम, सावकारी किंवा यजमानांची दक्षिणा यांतून भागत असे. वाड्याच्या भाड्यांतून तो भागवावा, अशी कल्पनाच त्या काळीं नव्हती.

४. इ. स. १८१८ सालीं पेशवाई गेली व नाशिक इंग्रजांकडे गेलें. सरदारांची चाकरी संपली. पुढें १८५२ च्या कायद्यानें इनाम कमिशनची चौकशी सुरू होऊन कित्येकांच्या इनामांस कात्री लागली. १८६५ सालीं थळ घाटांतून आगगाडी सुरू झाल्यावर मुंबईचा रस्ता मोकळा झाला. पण स्टेशन गांवापासून कांहीं मैलांवर झाल्यामुळें नवी वस्ती तिकडे ओढली जाऊं लागली. १८९६-९७ पासून प्लेगच्या फेऱ्या सुरू झाल्या. १९०१ च्या खानेसुमारींत नाशिकची लोकसंख्या अवघी २१,४९० भरली. दाट वस्तीच्या गल्लींतून उघड्या हवेंत जावें, ही बुद्धि ज्यांस परवडत होती त्यांस त्या दिवसांत सुचली, आणि गांवकुसाबाहेर बंगले बांधण्यास आरंभ झाला.

मालक वाड्याच्या बाहेर पडूं लागला, तसा बिऱ्हाडकरू आंत येऊं लागला. खेड्यांतून शाळेसाठीं आलेले विद्यार्थी, कचेरींतील कारकून, शिक्षक, देवळांतील सेवेकरी, तांबट, फुलवाले, यात्रेकरूंच्या आधारावर जगणारे लहान दुकानदार असे नाना लोक एकेका चौकाभोंवतीं राहूं लागले. ज्या माजघरांत एक कुटुंब नांदत होतें, तेथें पडद्याच्या व फळ्यांच्या भिंतींनीं तीन बिऱ्हाडें झालीं. आड मात्र एकच राहिला. या बिऱ्हाडकरूंस इतिहासांत स्थान नाहीं असें कोणी समजूं नये. प्लेगच्याच दिवसांत भगूरहून नाशकास आलेलें सावरकर बंधूंचें कुटुंब तिळभांडेश्वराच्या गल्लींत राहिलें, आणि मित्रमेळ्याची व पुढें अभिनव भारताची मंडळी तेथेंच वाढली. डिसेंबर १९०९ मध्यें विजयानंद नाट्यगृहांत जॅक्सनचा वध झाला, तोही याच गल्ल्यांच्या परिसरांत. नाशिकच्या विसाव्या शतकाचा राजकीय इतिहास बव्हंशीं वाडे बांधणाऱ्यांनीं घडविला नसून त्यांतील बिऱ्हाडकरूंनीं घडविला आहे. तथापि वाड्यास नांव बांधणाऱ्याचेंच राहतें.

५. दुसऱ्या महायुद्धांत शहरांतून जागेची टंचाई झाली. युद्ध संपल्यावर १९४७ सालीं मुंबई सरकारनें भाडेनियंत्रणाचा कायदा केला व तो १९४८ च्या फेब्रुवारींत अमलांत आला. १ सप्टेंबर १९४० रोजीं जें भाडें होतें, तें सामान्यतः प्रमाणभूत धरून त्यावर बांध घातला गेला. टंचाईच्या वेळीं बिऱ्हाडकरूस रस्त्यावर काढूं नये, हा या कायद्याचा हेतु निःसंशय न्याय्य होता. त्या वेळीं तो तात्पुरता समजला गेला. पण मुदतीमागून मुदत वाढत जाऊन तो अर्धें शतक टिकला. एवढ्या अवधींत विटा, चुना, लांकूड व मजुरी यांचे भाव कित्येक पटींनीं चढले. भाडें जागच्या जागीं राहिलें. १९९७ च्या डिसेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें, मुळांत योग्य असलेली ही गोठवणूक काळाच्या ओघांत अन्यायाची झाली आहे, असा निर्णय दिला. त्यानंतर १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा होऊन तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यानें सालास शेंकडा चार वाढ मान्य केली. परंतु मूळ आंकडाच जेथें दहा रुपयांचा, तेथें शेंकडा चारच्या वाढीनें तो वीस वर्षांनींही वीस-पंचवीस रुपयांपलीकडे जात नाहीं. एवढ्या पैशांत एका खोलीवरचीं कौलेंसुद्धां शाकारून होत नाहींत.

याच सुमारास मालकाची बाजूही आंतून पोखरली जात होती. कुळकायद्यानें, विशेषतः १ एप्रिल १९५७ च्या कृषिदिनानंतर, खेड्यांतील जमिनीचें उत्पन्न गेलें. ज्या उत्पन्नावर वाड्याची शाकारणी होत असे, तें मूळच आटलें. वांटण्या न होतां वारस वाढत गेले. १९५६ च्या वारसा कायद्यानें व २००५ च्या दुरुस्तीनें मुलींस न्यायानें हिस्सा मिळाला. पण त्याबरोबर मिळकत पत्रिकेवरील नांवेंही वाढलीं. एका वाड्यास वीस-पंचवीस वारस, त्यांतील निम्मे मुंबई-पुण्यास, कांहीं परदेशांत. कोणा एकाच्या सहीनें विक्री होत नाहीं आणि कोणा एकाच्या पैशानें दुरुस्ती होत नाहीं. असा वाडा म्हणजे सर्वांचा असून कोणाचाच नव्हे.

येथें मुंबईशीं तुलना करणें अवश्य आहे. मुंबई शहरांत भाडेकरूंच्या जुन्या चाळी पडूं लागल्या, तेव्हां १९६९ सालीं कायद्यानें इमारत दुरुस्ती मंडळ स्थापण्यांत आलें. इमारतींवर उपकर बसवून व सरकारनें भर घालून दुरुस्तीचा निधि उभारला गेला आणि घर पडल्यास संक्रमण शिबिराची सोय झाली. तें मंडळ पुरेसें होतें असें कोणी म्हणणार नाहीं. पण भाडें गोठविल्यावर दुरुस्तीचा भार कोणीं तरी उचलला पाहिजे, हें तत्त्व त्यांत मान्य झालें. हें मंडळ मुंबई बेटापुरतेंच राहिलें. नाशिकच्या वाड्यांस भाड्याचा निर्बंध मुंबईसारखाच लागू झाला, परंतु त्याचा जोडीदार असलेला दुरुस्तीचा आधार मिळाला नाहीं. अर्धा कायदा आला आणि अर्धा आला नाहीं. नाशिकचे वाडे कां पडतात, या प्रश्नाचें उत्तर एका वाक्यांत द्यावयाचें झाल्यास तें हें आहे.

६. इकडे गांवठाणाबाहेर शहर वाढत होतें. १९६० नंतर सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहती व ओझरचा विमानांचा कारखाना आला; पुढें सिडकोची वसाहत उभी राहिली. १९८२ सालीं नाशिकरोड-देवळाली, सातपूर व आसपासचीं गांवें मिळून महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेंत तिच्या हद्दींत १४,८६,०५३ माणसें मोजलीं गेलीं. हद्द वाढल्यामुळें हा आंकडा १९०१ च्या आंकड्याशीं सरळ ताडून पाहतां येत नाहीं. पण पूर्वीं जें संपूर्ण शहर होतें तें आतां शहराचा एक लहानसा कोपरा झालें आहे, एवढें त्यावरून स्पष्ट होतें. पितळेची जागा स्टीलनें घेतल्यावर तांबटांचा धंदा बसत गेला. डॉक्टर, वकील व सुस्थित व्यापारी यांचीं घरें कॉलेज रोड व गंगापूर रोडकडे गेलीं. दुकान मात्र त्यांनीं पेठेंत ठेवलें. दुकान जुन्या गांवांत आणि बिऱ्हाड नव्या गांवांत, अशी ही विभागणी झाल्यावर गांवठाणांतील जमिनीची किंमत राहण्याच्या दृष्टीनें न ठरतां दुकानाच्या दृष्टीनें ठरूं लागली. वाड्याचें भाडें दहा रुपये, आणि त्याखालील जमिनीचें मोल मात्र बाजारपेठेचें, असें हें व्यस्त प्रमाण होय. उभा वाडा मालकास ओझें. पडलेला वाडा ठेवा.

इंग्लंडांत या जातीच्या घडामोडीस ‘जेंट्रिफिकेशन’ असें नांव रूथ ग्लास या समाजशास्त्रज्ञ विदुषींनीं १९६४ सालीं लंडनच्या संबंधांत दिलें. तेथें सुस्थित लोक श्रमजीवी वस्तींतील जुनीं घरें घेऊन, तीं नीट करून, स्वतः राहूं लागले. घर राहिलें व माणूस बदलला. नाशकांत तसें झालें नाहीं. येथें सुस्थित माणूस जुन्या वाड्यांत राहावयास परत येत नाहीं. येथें घर जातें, आणि घराबरोबर त्यांतील माणूस जातो. परिणाम तोच, पण रीत निराळी. आणि रीत निराळी असल्यामुळें ती ओळखूं येत नाहीं. लंडनांत हुसकावणारा दिसतो. नाशकांत पाऊस दिसतो.

७. आतां वाडा प्रत्यक्ष कसा रिकामा होतो तें पाहूं. १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ अन्वयें पडण्याच्या बेतास आलेल्या इमारतीसंबंधीं नोटीस देण्याचा अधिकार आयुक्तास आहे. मनुष्यहानि टाळण्यासाठीं तो असलाच पाहिजे. नोटीस लागते, ‘वाडा उतरून घ्यावा’ असें त्यांत असतें, व मुदत संपल्यावर नळ व वीज तोडण्याचीही पाळी येते. मालक म्हणतो, ‘आधीं भाडेकरू निघोत, मग उतरवितों.’ भाडेकरू म्हणतो, ‘निघालों तर परत येण्याची हमी कोण देतो?’ दोघांचेंही म्हणणें आपापल्या जागीं खरें आहे. याच वादांत पावसाळा येतो.

कायद्याच्या दृष्टीनें भाडेकरूचा हक्क अगदींच दुबळा नाहीं. नवी इमारत बांधण्यासाठीं जागा घेतली, तर त्यास नव्या इमारतींत जागा मिळावी अशी तरतूद १९९९ च्या कायद्यांत आहे. मात्र ती त्यानें मुदतींत मागितली पाहिजे. इमारतच नष्ट झाली तर भाडेपट्टा संपतो काय, या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाचा एक निर्णय भाडेकरूच्या विरुद्ध होता. परंतु २०१४ सालीं महाराष्ट्रांतीलच एका प्रकरणांत तीन न्यायमूर्तींच्या पीठानें तो फिरविला. इमारत पालिकेनें पाडली तरी भाडेकरूचा हक्क आपोआप बुडत नाहीं, कारण भाडेपट्टा नुसत्या भिंतींचा नसून जागेचाही असतो, असा त्या निकालाचा मथितार्थ आहे. हा निर्णय गांवठाणांतील हजारों बिऱ्हाडांच्या उपयोगाचा आहे. पण त्याचा उपयोग कोणास? ज्याला आपण भाडेकरू आहों हें दाखवितां येईल त्यास.

येथें कागदाचा प्रश्न येतो. एका चौकांत राहणारीं बिऱ्हाडें कागदाच्या दृष्टीनें सारखीं नसतात. एकाजवळ स्वतःच्या नांवाची भाडेपावती असते. दुसऱ्याजवळ आजोबांच्या नांवाची असते. मृत भाडेकरूबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयास कायद्यानें हक्क मिळतो हें खरें, पण आपण बरोबर राहत होतों हें शाबीत करावें लागतें. तिसऱ्याच्या मालकानें वारसांच्या वादामुळें भाडें घेणेंच बंद केलेलें असतें. तो जागरूक असला तर नाकारलेल्या मनीऑर्डरींचीं परत आलेलीं पत्रकें त्यानें जपून ठेवलेलीं असतात, नसला तर त्याच्याजवळ कांहींच नसतें. चौथा पोटभाडेकरू; त्याचें नांव कोणत्याच कागदावर नाहीं. पांचवी एखादी विधवा, जिला पूर्वींच्या मालकिणीनें घरच्या कामाच्या मोबदल्यांत जिन्याखालची खोली दिलेली. तिचा करार तोंडी आणि दोन्ही साक्षीदार निवर्तलेले. वाडा उभा असतां हीं पांचही बिऱ्हाडें एकाच आडाचें पाणी पितात. वाडा पडला म्हणजे पहिलें बिऱ्हाड न्यायालयांत जातें, दुसरें तडजोडीनें कांहीं रक्कम घेतें, आणि उरलेलीं तीन कोठें गेलीं हें कोणी लिहून ठेवीत नाहीं. तीं दूरच्या वसाहतींत भाड्यानें खोली घेतात. आणि जिचें पोट पेठेंतील चार घरच्या धुण्याभांड्यांवर किंवा देवळापुढील फुलांच्या पाटीवर चालत होतें, तिच्या मिळकतीचा वांटा रिक्षाच्या भाड्यांत जाऊं लागतो.

८. नदीच्या पुरानें या गुंत्यास आणखी एक गांठ घातली आहे. सप्टेंबर १९६९, सप्टेंबर २००८ व ऑगस्ट २०१६ च्या महापुरांत सराफ बाजार, भांडी बाजार व कापड पेठ यांत पाणी शिरलें. २००८ नंतर निळी व लाल अशा पूररेषा आंखण्यांत आल्या व त्यांच्या आंत नव्या बांधकामावर निर्बंध आले. निर्बंध योग्यच आहेत. पण नदीलगतचा वाडा पडल्यास तेथें पुन्हां बांधतां येणें कठीण, म्हणून मालकही नडला आणि परत येण्याची आशा ठेवणारा भाडेकरूही नडला. नदीपासून दूरच्या गल्ल्यांत अडचण निराळी आहे. किती बांधूं द्यावें हें रस्त्याच्या रुंदीवर ठरतें, आणि गांवठाणांतील गल्ली रुंद नसते. एकट्या वाड्याची पुनर्बांधणी परवडावी, तर शेजारचे चार वाडे एकत्र आले पाहिजेत. आणि एकाच वाड्याचे पंचवीस वारस एकत्र येत नाहींत, तेथें चार वाड्यांचे शंभर कसे येणार? २०२० च्या एकत्रित विकास नियमावलींत सामूहिक पुनर्विकासाची वाट ठेवली आहे. ती वापरली जाईल तेव्हां मोठ्या भांडवलाच्या बिल्डरास ती सोपी जाईल व लहान मालकास अवघड, हें आधींच ओळखून ठेवणें बरें.

रस्ते रुंद करण्याची गरजही खोटी नव्हे. २७ ऑगस्ट २००३ रोजीं सिंहस्थाच्या पर्वणींत पंचवटीच्या अरुंद मार्गावर चेंगराचेंगरी होऊन ३९ माणसें मेलीं. तेव्हांपासून प्रत्येक सिंहस्थाच्या तयारींत, तशींच २०१६ सालीं नाशिकची निवड झालेल्या स्मार्ट सिटी योजनेंतही, गांवठाण व गोदाघाट यांच्या सुधारणेचा आराखडा होत आला. घाट नीट व्हावे, सांडपाणी नदींत जाऊं नये, यात्रेकरूस चालतां यावें, या गोष्टींस कोणाचा विरोध असेल? परंतु जेथें जेथें जुन्या क्षेत्राचें रूप उजळलें, तेथें तेथें भोंवतालच्या जागेचा भाव चढला, हा सर्वत्रचा अनुभव आहे. म्हणून सुधारणा होण्यापूर्वीं त्या जागेवर कोण राहतें याची नोंद झाली पाहिजे. नंतर केलेली नोंद उरलेल्यांची असते, गेलेल्यांची नसते.

कोणी म्हणेल, हे वाडे जपण्यासारखेच नाहींत. पडक्या घरांत माणसें ठेवणें ही दया नव्हे. हें म्हणणें प्रस्तुत लेखकास मान्य आहे. कुजलेल्या तुळईखालीं मूल निजतें, तेथें वास्तुसौंदर्याची भाषा बोलणें निर्दयपणाचें होईल. मालकावर सर्व दोष लादणेंही योग्य नाहीं. पन्नास वर्षें सार्वजनिक कल्याणाचा खर्च एकट्या त्याच्याकडून वसूल केला गेला. परंतु यावरून निघतें तें एवढेंच कीं, वाडा उतरवावा. बिऱ्हाडकरूस विसरावें, असें त्यावरून निघत नाहीं. वाडा जाणें व माणूस जाणें या दोन गोष्टी आज एक झाल्या आहेत. त्या पुन्हां वेगळ्या करणें हेंच खरें काम होय.

९. शेवटीं इतिहाससंशोधकांस लागू पडणारी गोष्ट. नाशिकचे क्षेत्रोपाध्ये महादेवभट हिंगणे हे बाळाजी विश्वनाथाबरोबर दिल्लीस गेले व तेथें पेशव्यांचे वकील झाले. त्यांच्या घराण्यानें कागद जपले, म्हणून भारत इतिहास संशोधक मंडळास ‘हिंगणे दफ्तर’ प्रसिद्ध करतां आलें, आणि अठराव्या शतकांतील दिल्लीच्या राजकारणावर एका नाशिककर घराच्या कागदांनीं प्रकाश पडला. क्षेत्रोपाध्यांच्या वह्यांतून दूरदूरच्या यजमानांच्या पिढ्या उतरलेल्या आहेत. वाडा अकस्मात् पडतो तेव्हां माळ्यावरचे असे रुमाल चिखलांत मिसळतात व राबिटाबरोबर गाडींत भरले जातात. ही हानि आपणांस कळते व आपण हळहळतों. पण त्याच ढिगांत भाडेपावत्यांचें एक पुडकेंही असतें. त्यास आपण कागद समजत नाहीं. आणि ज्याचें तें असतें, त्याचें सर्वस्व मात्र त्यांतच असतें.

म्हणून सूचना अशी कीं, धोकादायक म्हणून ज्या वाड्याचें नांव यादींत येईल, त्याची तो उतरण्यापूर्वीं एक टिपणी व्हावी. वाड्याचा नकाशा, लांकूडकाम, शिलालेख व दप्तर यांची नोंद आपण करतोंच. त्याच टिपणींत, त्या दिवशीं कोणत्या खोलींत कोण राहत होतें, किती वर्षांपासून, कोणत्या नात्यानें व कोणत्या पुराव्यानें, हेंही लिहावें, आणि त्यावर मालक, भाडेकरू व शेजारी यांच्या सह्या घ्याव्या. एक प्रत बिऱ्हाडकरूजवळ राहावी, एक पालिकेच्या दप्तरीं जावी, व एक संशोधन संस्थेच्या संग्रहीं राहावी. यास मोठा खर्च नाहीं. चार विद्यार्थी व एक उन्हाळा पुरे. वकिलास ती पुरावा म्हणून उपयोगी पडेल, आणि पुढील इतिहासकारास साधन म्हणून.

जुन्या गढीच्या थरांत सांपडलेल्या खापरांवरून तेथें कोण राहत होतें याचा आपण तर्क करतों. कारण त्यांचीं नांवें कोणीं लिहिलीं नाहींत. आजच्या वाड्यांतील बिऱ्हाडांचीं नांवें विचारून लिहून घेतां येतात. तीं माणसें अजून तेथें आहेत; पुढील पावसाळ्यानंतर असतीलच असें नाहीं.